थंडीतल्या पक्षीफेऱ्या: आज आम्ही एकाच उंबराखाली पाऊण तास उभे होतो

पायवाट | ७ डिसेंबर, दुपारी १२.४०

आज सकाळी आम्ही तेरा जण पुण्यातल्या तळजाईच्या वनविहारात एकाच उंबराखाली पाऊण तास उभे राहिलो. ठरलेल्या वाटेचा निम्मा भागही चाललो नाही. परत निघताना पहिल्यांदाच आलेल्या एकांनी विचारलं, "मग आजची फेरी झाली म्हणायची का?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. तिथे उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

सात वाजता झाडाखाली अजून सावलीच होती. थंडीत ऊन आधी शेंड्यावर येतं आणि मग हळूहळू खाली उतरतं, तसे पक्षीही उतरतात. शेजारच्या वाळक्या शेंड्यावर तीन तांबट छाती उन्हाकडे करून बसले होते, अजिबात हालचाल नाही. उंबर खोडापासून लगडलेला. बुलबुल आले, मग कोकिळा, मग राखी धनेशाची जोडी. धनेश चोचीच्या टोकात फळ धरतो, मान मागे टाकून ते हवेत उडवतो आणि घशात झेलतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी आजही पाहतच राहिले.

मग मिश्र थवा आला. नव्या लोकांसाठी सांगते: थंडीत वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र फिरतात. नाचण, राखी वल्गुली, सुभग, चष्मेवाले, निखार, आणि त्यांच्यात मिसळलेले पाहुणे वटवटे. एकाने पान हलवलं की उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर पाहणारे डोळे जास्त. दहा मिनिटं झाड रिकामं असतं आणि पुढच्या तीन मिनिटांत कुठे बघावं कळत नाही. चालत राहणाऱ्यांना हा थवा बहुतेक वेळा चुकतोच, कारण तो येतो तेव्हा ते पुढच्या वळणावर असतात.

आणि आजची मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. आमच्यात एक निवृत्त काका येतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. हिरवट वटवट्याचा 'चिस्-ली' हा बारीक आवाज त्यांना आता ऐकूच येत नाही. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आज त्यांच्या शेजारी इयत्ता पाचवीतली एक मुलगी उभी होती. आवाज आला की ती काकांच्या कोपराला बोट लावायची आणि हनुवटीने दिशा दाखवायची. तिसऱ्या वेळेला काकांना तो दुर्बिणीत सापडला. डोळ्यावरची फिकट भुवई, पंखावरची पुसट रेघ, सगळं त्यांनी मोठ्याने वर्णन करून सांगितलं. पक्षी मुलीला ओळखता येत नव्हता, काकांना ऐकू येत नव्हता. तो पाहिला दोघांनी मिळून.

मी अकरा हिवाळे या फेऱ्या करतेय. पहिली काही वर्षं आम्ही पळायचो. दोन तासांत टेकडी पालथी, यादीत पन्नास नावं, आणि मागे राहिलेल्या चार जणांना त्यातले जेमतेम दहा पक्षी दिसलेले. पुढचा म्हणायचा "गेला", मागचा म्हणायचा "कुठे होता?" त्यातले कित्येक जण दुसऱ्या रविवारी आलेच नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. एका गटात बारा-पंधराच्या वर माणसं नाहीत. वाट दर रविवारी तीच. फळलेलं किंवा फुललेलं झाड दिसलं की थांबायचं, घाई करायची नाही. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवायचा नाही. आणि पक्षी दाखवताना हात लांब करून बोट दाखवायचं नाही. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि "दोन वाजता, आतल्या फांदीवर" असं हळू सांगायचं.

तुमच्या गावात, तुमच्या बागेत कसं करता? लिहा.

सोनकी | ७ डिसेंबर, दुपारी ३.०५

किती छान लिहिलंय! मी सहकारनगरातच राहते, पण अशा फेऱ्या होतात हे माहीत नव्हतं. मला कावळा, चिमणी, साळुंकी आणि घार एवढंच ओळखता येतं. दुर्बीण नाही. आलं तर चालेल का? आणि दुर्बीण घ्यायची तर कोणती?

पायवाट | ७ डिसेंबर, रात्री ९.२०

सोनकी, जरूर या. चार पक्षी येतात म्हणजे सुरुवात झालेलीच आहे. आधी दोन-तीन रविवार आमच्याकडच्या जास्तीच्या दुर्बिणीतून बघा, मगच पैसे घाला.

घ्यायची तर ८×४० किंवा ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापट मोठं दाखवणारी जास्त चांगली असं वाटतं, पण ती हातात थरथरते आणि तिच्यातून दिसणारा तुकडा लहान असतो. वटवट्यासारखा सतत हलणारा पक्षी तिच्यात पकडणं नव्या माणसाला अवघड जातं.

आणि एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. उजव्या भिंगाजवळ एक छोटं फिरणारं कडं असतं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादं पान स्पष्ट करून घ्या. मग डावा मिटा, आणि आता मधल्या चाकाला हात न लावता ते कडं फिरवून उजव्या डोळ्याला तेच पान स्पष्ट करा. एकदा केलं की पुन्हा करावं लागत नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबून टाका. आमच्याकडे एक ताई दोन वर्षं "मला दुर्बिणीतून काही दिसत नाही" म्हणायच्या. कारण एवढंच होतं.

पक्षी डोळ्यांनी दिसला की नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. दुर्बिणीकडे खाली बघितलंत की पक्षी हरवला.

उजेडवेडा | ८ डिसेंबर, सकाळी ८.१५

लेख आवडला. एका मुद्द्यावर मात्र वेगळं मत आहे. मी दहा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतोय. आवाज वाजवण्याला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. एकदा, हळू आवाजात, अर्धा मिनिट लावला तर पक्षी समोर येतो, सगळ्यांना नीट दिसतो, लहान मुलांना आनंद होतो. न दिसणाऱ्या पक्ष्याबद्दल मुलांना प्रेम कसं वाटणार?

शिवाय फोटोवाल्यांमुळे नोंदी पक्क्या होतात. लाल छातीचा माशीमार आणि त्याचा भाऊ तैगा माशीमार यांच्यातला फरक चोचीच्या बुडाच्या रंगावर आणि शेपटीच्या वरच्या पिसांच्या काळेपणावर ठरतो. ते दुर्बिणीतून क्षणभरात सांगणं कठीण. फोटो असला की घरी बसून सांगता येतं.

चीरक | ८ डिसेंबर, सकाळी १०.३०

फोटोच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आवाजाच्या मुद्द्याला नाही, आणि का ते सांगतो.

आपल्याला वाटतं, पक्षी हद्द राखतात ती विणीच्या हंगामात. थंडीतला पाहुणा नुसता पोट भरायला आलाय. हिरवट वटवट्याच्या बाबतीत तसं नाही. तो इथेही आपला झाडांचा तुकडा राखतो. दिवसभर 'चिस्-ली' करतो ते "ही जागा माझी आहे" असं शेजाऱ्याला सांगायला. मोबाइलमधून तोच आवाज आला की त्याच्या दृष्टीने घुसखोर आला. खाणं टाकून तो शोधायला निघतो. आठेक ग्रॅमचा जीव तो. थंडीत दिवस लहान, रात्र मोठी, आणि अंगातली ऊब टिकवायला दिवसभर किडे टिपत राहावं लागतं.

तुम्ही एकदा लावता हे मी मान्य करतो. पण रविवारी टेकडीवर चार गट असतात. पाच फोटोवाले स्वतंत्र असतात. प्रत्येकाने 'एकदाच' लावला तरी त्या एका पक्ष्याला सकाळभरात नऊ घुसखोर ऐकू येतात. मुलांचं म्हणाल, तर वर त्या पाचवीतल्या मुलीबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा. तिने पक्षी आधी ऐकला, मग दाखवला. न दिसणाऱ्या पक्ष्यावर प्रेम जडल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उजेडवेडा | ८ डिसेंबर, दुपारी १.५०

चीरक, नऊ घुसखोरांचा हिशोब मी असा कधी केला नव्हता. पटलं. यापुढे नाही लावणार.

पण मग माझंही एक ऐका. मोठ्या गटाने होणारा त्रास त्याहून कमी नाही. गेल्या वर्षी मी एका फेरीला गेलो होतो, चाळीसच्या वर माणसं. पिंगळ्यांची जोडी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसली होती. सगळे अर्धवर्तुळ करून झाडाला भिडले. पिंगळे आत गेले ते आम्ही असेपर्यंत बाहेर आले नाहीत. तिथे कोणी आवाज वाजवला नव्हता, फ्लॅश मारला नव्हता, सगळे पक्षीप्रेमीच होते.

पायवाट | ८ डिसेंबर, रात्री ८.४०

उजेडवेडा, तुमचं बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी लिहायला हवा होता. ढोली, घरटं, रात्रीच्या बसण्याची जागा यांपासून लांब थांबायचं, आणि जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, हे आम्ही पाळतो. पक्षी खाणं थांबवून आपल्याकडे टक लावून बघायला लागला की आपण फार जवळ आलो. तिथून दोन पावलं मागे. गट मोठा झाला तर आम्ही दोन करतो आणि उलट दिशांनी निघतो.

हुरडा | ९ डिसेंबर, सकाळी ७.१०

सोलापूरहून लिहितोय. आमच्याकडे थंडीचा पक्षी म्हणजे भोरडी. तुम्ही पळसमैना म्हणता ती. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची ती यांच्यासाठीच. भोरड्या उतरल्या की कणसं रिकामी. त्यामुळे आमच्या वडिलांना या पक्ष्याबद्दल प्रेम वाटणं शक्यच नव्हतं.

आता शहरात राहतो आणि संध्याकाळी तलावाकडे त्यांचे थवे बघायला माणसांना घेऊन जातो. हजारो पक्षी एकदम वळतात तेव्हा आकाशात काळी चादर झटकल्यासारखं दिसतं आणि पंखांचा सरसर आवाज येतो. वडीलही एकदा आले होते. त्यांना सांगितलं, की मध्य आशियात यांची वीण होते तिथे हे पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतात, तिथल्या शेतकऱ्याला हे हवेहवेसे वाटतात. वडील बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं राखण करतात आन् इकडं मजुरी घ्यायला येतात." मला ते फार आवडलं.

पळस, पांगारा, काटेसावर फुलली की तुमच्या टेकडीवरही येतील. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली सावर सोडू नका.

वैनगंगा | ९ डिसेंबर, रात्री १०.०५

नागपूरकर. आमच्याकडची थंडी तुमच्याहून कडक, सकाळी बोटं आखडतात. अंबाझरीच्या बाजूला तलावाकाठच्या पाणगवतात नीलकंठी शोधायला जातो. गळ्यावर निळा पट्टा, मधे तांबूस ठिपका, आणि चालतो मात्र उंदरासारखा, जमिनीलगत. उभं राहून दिसत नाही, बसावं लागतं. तेव्हा 'थांबा' याच्यापुढे आमचं 'बसा' आहे.

माहीमकर | १० डिसेंबर, दुपारी १२.२५

मुंबईकरांसाठी: धारावीच्या बाजूचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान जरूर बघा. मिठी नदीच्या काठी साधारण ३७ एकर. तिथे एके काळी शहराचा कचरा टाकला जायचा, त्यावर माती घालून झाडं लावली. आत शिरल्यावर बाहेरचा रस्ता विसरायला होतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभ्या राहिलेल्या जंगलात स्वर्गीय नर्तकाची लांब शेपूट तरंगत जाताना पाहिली, त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोहोचलो आणि त्याची खंत नाही.

रानजाई | ११ डिसेंबर, सकाळी ११.००

पालापाचोळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला या विषयाची कळकळ आहे, त्यामुळे लांबेल.

आमच्या घराजवळ एक मध्यम आकाराची बाग आहे. नाव देत नाही. जुनी झाडं, भरपूर सावली, आणि तरीही पक्षी कमी. तीन वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणींनी तिथे दर शनिवारी फेरी सुरू केली. वर झाडात बुलबुल, चष्मेवाले, तांबट. खाली काहीच नाही. जमीन स्वच्छ झाडलेली, खराट्याच्या रेघा उमटलेल्या, आणि कोपऱ्यात पानांचा ढीग धुमसतोय. थंडीत तो धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. दम्याच्या एक आजी त्या कोपऱ्याकडे फिरकत नसत.

मग आम्ही झाडणाऱ्या मावशींशी बोललो. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी सुचलंच नव्हतं. त्यांचं काम मोजलं जातं ते स्वच्छ जमिनीवरून. पान दिसलं की बोलणी बसतात. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नव्हता.

देखरेख करणाऱ्यांना भेटलो. "पक्ष्यांसाठी पानं राहू द्या" म्हटल्यावर त्यांनी ऐकून घेतलं आणि काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही रोपवाटिकेच्या खतापासून सुरुवात केली. पानं कुजली की वर्षभरात काळं, भुसभुशीत खत होतं आणि ते विकत आणावं लागणार नाही. मागच्या कुंपणाजवळचा, चाळीसेक पावलं लांबीचा पट्टा आम्हाला द्या, तिथे झाडू नका, बागेतली पानंही तिथेच टाका. एवढंच मागितलं. ते मिळालं. मावशींची फेरी कमी झाली, त्यामुळे त्याही खूश.

पहिल्या थंडीत तिथे सातभाई आले. एक जण उंचावर पहारा करतो, बाकीचे पानं उलटतात, आणि सगळे मिळून जो कलकलाट करतात! दुसऱ्या थंडीत दयाळ आणि नीळ्या माशीमाराची जोडी. आणि गेल्या जानेवारीत एका सकाळी, आम्ही सगळ्या जणी बाकावर बसलेल्या असताना, पानांत खसखस ऐकू आली. मला वाटलं सरडा. पण खसखस थांबायची आणि पुन्हा त्याच लयीत सुरू व्हायची: चोचीने पान धरून बाजूला फेकायचं, थांबून बघायचं, पुढचं पान. नारिंगी डोकं, राखी पाठ, पांढऱ्या गालावर दोन काळे उभे पट्टे. कस्तुर! आम्ही वीस मिनिटं हललो नाही. एकीच्या पायाला मुंग्या आल्या, तिने तोंडावर ओढणी धरली पण पाय हलवला नाही.

म्हणून माझं म्हणणं: फेरी म्हणजे नुसतं बघणं नसावं. ज्या बागेत दर आठवड्याला जाता, तिथल्या झाडणाऱ्या, पाणी घालणाऱ्या माणसांशी ओळख करून घ्या. कुठलं झाड तोडायचं ठरतंय, कुठे औषध फवारणार आहेत, हे त्यांना आधी कळतं.

चीरक | ११ डिसेंबर, दुपारी २.१५

रानजाई, वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायच्या योग्यतेचा आहे.

सोनकी | १४ डिसेंबर, दुपारी १२.१०

आज गेले! एकवीस पक्षी दिसले, त्यातले सतरा आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे आधी दिसले असतीलच, पण पाहिले नव्हते. थिरथिरा सगळ्यात आवडला. दगडावर बसून शेपूट अशी थरथरवतो की नाव कोणी ठेवलं त्याला नमस्कार.

एक शंका. मोबाइलवरचं आवाज ओळखणारं मर्लिन ॲप एकाच झुडपातून चार वेगवेगळे पक्षी दाखवत होतं, पण झुडपात एकच पक्षी होता. असं का?

चीरक | १४ डिसेंबर, दुपारी १.००

पक्षी कसा होता? डोळ्यावर काळी पट्टी, राखी डोकं, तांबूस पाठ, लांब शेपूट?

सोनकी | १४ डिसेंबर, दुपारी १.१२

हो! अगदी असाच.

चीरक | १४ डिसेंबर, दुपारी १.३०

मग तो नकल्या खाटीक. मराठीत नावातच उत्तर आहे. तो इतर पक्ष्यांचे आवाज एकापुढे एक काढतो. ॲपला ज्याची नक्कल ऐकू येते त्याचं नाव ते दाखवतं. ॲप जरूर वापरा, पण ते सुचवतं एवढंच समजा. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची खात्री असल्याशिवाय यादीत घालू नका.

तुळस_बाग | १५ डिसेंबर, रात्री ९.५०

एक प्रामाणिक प्रश्न. दर रविवारी त्याच वाटेवर तेच बुलबुल मोजून नक्की काय हाती लागतं? दुर्मीळ पक्षी असेल तर समजू शकते.

चीरक | १६ डिसेंबर, सकाळी ९.००

चांगला प्रश्न आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे साधारण ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर. त्यातले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे हौशी. नीलपंख, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो, कमी होतोय हे त्यातूनच पुढे आलं. तो कधी दुर्मीळ मानला गेला नव्हता. तारेवर बसलेला असायचाच, म्हणून कोणी लिहून ठेवत नसे. दुर्मीळ पक्ष्याची नोंद सगळेच करतात. नेहमीचा पक्षी कमी होतोय हे मात्र, कोणीतरी तो भरपूर असताना मोजून ठेवला असेल तरच कळतं.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना सुरुवातीची वेळ, किती वेळ, किती अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी लिहा. "फक्त खास" लिहू नका. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, भारत त्यात २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटं गच्चीवर उभं राहूनही भाग घेता येतो.

दूरदेशी | १७ डिसेंबर, पहाटे ४.३५

न्यू जर्सीहून. इथे सध्या नाताळच्या पक्षीगणनेचे दिवस आहेत. पूर्वी इथे नाताळात गटागटाने शिकारीला जायची पद्धत होती. जास्त मारेल तो गट जिंकला. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने १९०० च्या नाताळात सुचवलं, की मारण्याऐवजी मोजूया. पहिल्या वर्षी २७ माणसं होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तेव्हापासून गणना होते. मी गेल्या वर्षी गेले, बर्फात, तीन थर कपडे घालून. शेजारी एक आजी गणनेला चौतिसाव्यांदा आल्या होत्या. मला आमच्या पर्वतीच्या पायथ्याचे तांबट आठवत होते आणि डोळे भरून आले. पायवाट, जानेवारीअखेर पुण्यात येतेय. एक रविवार माझ्यासाठी धरा.

पायवाट | १७ डिसेंबर, सकाळी ९.१५

दूरदेशी, धरला.

कडुनिंब | ३ जानेवारी, सायंकाळी ६.२०

धागा वर काढतोय, कारण संक्रांत जवळ आली. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर दिसतोच. उडवण्याचे दोन दिवस संपतात, मांजा फांद्यांत वर्षभर राहतो. तो कुजत नाही. घारी, वटवाघळं, घुबडं त्यात अडकतात, कारण पहाटे आणि संध्याकाळी तो त्यांना दिसत नाही.

संक्रांतीनंतरची पहिली फेरी मांजा काढण्यासाठी ठेवा. सोबत बोथट टोकाची कात्री, एक लांब बांबू, जाड हातमोजे. मांजा ओढायचा नाही, फांदीशी कापायचा. काडीवर गुंडाळायचा आणि मग बोटभर लांबीचे तुकडे करूनच कचऱ्यात टाकायचा; अख्खं भेंडोळं टाकलं तर कचरा उकरणाऱ्या कावळ्याच्या पायात जातं.

पक्षी अडकलेला सापडला तर धागा खेचू नका. पंखावर हलकं फडकं टाका, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा दोरा ठेवून कापा, जखमेतला तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी घालू नका. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६, ती फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा.

पायवाट | १८ जानेवारी, दुपारी १.३०

आज केलं. अकरा जण होतो. कडुनिंब यांनी लिहिलेलं आदल्या रात्री सगळ्यांना पाठवलं होतं.

पहिला तासभर दुर्बिणी पक्ष्यांऐवजी फांद्यांवर फिरवल्या. मांजा सावलीत दिसत नाही, पण ऊन तिरपं पडलं की एक बारीक चमचमती रेघ दिसते. काका खाली उभे राहून "तीन वाजता, बाहेरच्या फांदीवर" असं सांगत होते आणि उजेडवेडा (हो, ते आता आमच्यात येतात) बांबूने काढत होते. आठ झाडांवरून काढलेला मांजा एका पिशवीत भरला, तो माझ्या समोर टेबलावर आहे. जांभळा, हिरवा, आणि एक काचेसारखा पारदर्शक. तुकडे करायला संध्याकाळ जाईल.

उंबराच्या दुसऱ्या बाजूला, डोक्याच्या थोडं वर, एक वंचक, पाण्याकाठचा छोटा बगळा, लटकलेला होता. त्याला वाचवायची वेळ निघून गेली होती. पाचवीतल्या मुलीने तो आधी पाहिला. ती रडली नाही. तिने विचारलं, "याला यादीत लिहायचं का?" आम्ही लिहिलं, शेरा म्हणून, मांजा हा शब्दही लिहिला.

त्यानंतर कोणालाच पुढे जावंसं वाटेना. तिथेच बसलो. नऊच्या सुमाराला 'चिस्-ली' ऐकू आलं आणि तिने काकांच्या कोपराला बोट लावलं.

पुढची फेरी २५ जानेवारी, सकाळी पावणेसात. दूरदेशी येतायत. जास्तीच्या दुर्बिणी दोन आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी इथेच सांगा. कात्र्या पुन्हा आणा, टाकीकडच्या बाभळी राहिल्या आहेत.